अंथरुणावरच्या आईसाठी केअर सेंटर बघायलोय, नेमकं काय तपासायचं?

सेलूकर

नमस्कार मंडळी. मी सेलूचा, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आईचं वय ७२. दिवाळीनंतर तिला लकवा मारला, उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. तिला कळतं बरंच, पण तोंडातून एकच शब्द निघतो, ‘आलेकी’. पाणी पाहिजे तरी ‘आलेकी’, पाठ अवघडली तरी ‘आलेकी’. घरचे आम्ही सुरावरून ओळखतो.

बायकोची अंगणवाडीच्या सुपरवायझरची नोकरी, सारखी फिरती. ठेवलेल्या बायका टिकंनात. एक चांगली मिळाली होती, तर तिच्या लेकीचं बाळंतपण निघालं. धाकटा भाऊ पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बहीण संभाजीनगरला हडकोत आहे, पण तिच्याच घरी सासू अंथरुणाला.

म्हणून रविवारी संभाजीनगरला दोन ठिकाणं पाहून आलो. एक बीड बायपासला. नवी इमारत, एसी, दारात गणपती, माशांची पेटी, मोबाईलवर चोवीस तास कॅमेरा दिसेल म्हणायलेत. महिना २८ हजार, डायपर-औषधं वेगळी. दुसरं सिडकोत जुन्या बंगल्यात. भिंतीला ओल, आत शिरताच फिनेलचा वास, पण चार-पाच म्हाताऱ्या बाहेर ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. तिथं १९ हजार. बायकोला पहिलं पटलं, मला काही ठरवता येईना. ‘घरच्यासारखी काळजी घेतो’ हे दोन्हीकडं ऐकून आलो. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

गोदाकाठ

सर, राग मानू नका, पण जिनं तुमचं हागणं-मुतणं काढलं तिला परक्याच्या हाती द्यायची? शेत असेल तर एखादं गरजू जोडपं ठेवा, राहायला-खायला द्या, आई घरातच राहील. आपल्याकडं अजून एवढी वेळ आलेली नाही.

पैठणगेट

गोदाकाठ, तुमच्या घरात अंथरुणावरच्या माणसाचं कोण करतं ते एकदा लिहा, मग बोलू. (वहिनी करत असतील, पैज लावतो.)

सेलूकर, माझे वडील दीड वर्ष अशा ठिकाणी होते. पैशाचं आणि कागदाचं मी सांगतो, पण आधी कोणी नर्सिंगमधलं माणूस बोललं तर बरं.

उदगीरच्या सिस्टर

सर, मी सरकारी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डात नोकरी काढून रिटायर झाले. ओळखीचे लोक अशी ठिकाणं बघायला मला सोबत नेतात, म्हणून लिहिते. लांबेल जरा.

कॅमेरा असू द्या, पण कॅमेऱ्यात चादरीखालचं दिसत नाही. तुम्ही गेलात की मॅनेजर तुम्हाला बोलत्या-चालत्या आजोबांकडं नेणार. ते म्हणणार लई चांगलं आहे, आणि खोटं नसतं ते, कारण ज्याला बोलता येतं तो आपलं करून घेतो. तुमची आई बोलू शकत नाही. तेव्हा तिच्यासारखं मुकं पडलेलं जे माणूस तिथं असेल, त्याच्या खाटेशी जा. विचारून पायावरची चादर सरकवा आणि टाच बघा. लाल दिसली तर बोटानं दाबून सोडा. दाबल्यावर पांढरी पडून परत लाल झाली तर अजून निभावतं. दाबूनही लालच राहिली तर आत जखम धरायला लागलीय. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसत नाही, तिथं काळपट-जांभळा डाग दिसतो आणि हाताला आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं. खरं तर माकडहाड बघायला पाहिजे, पण परक्या बाईचं ते कोणी दाखवणार नाही आणि दाखवूही नये.

मग हात. लकव्याचा हात हळूहळू मिटत जातो, तळव्यात घाम-मळ साठतो, नखं आत रुततात. ती मूठ अलगद उघडून बघा. नखं कापलेली असली, आत मऊ कापडाची गुंडाळी दिलेली असली, तर तिथं कोणीतरी रोज त्या माणसाला हात लावतं. भपकारा आला तर एसी कितीही गार असो, निघा. जिभेवर पांढरा थर आणि ओठाला पापुद्रे म्हणजे तोंड पुसलं जात नाही किंवा पाणी कमी पडतंय. लघवीची पिशवी खाटेच्या खालच्या दांड्याला, पोटाच्या पातळीखाली लटकलेली पाहिजे, फरशीला टेकलेली नको. मे महिन्यात तिच्यात चहासारखी गडद लघवी दिसली तर पाणी किती देता ते तिथंच विचारा.

कूस बदलल्याचा तक्ता मागा. दर दोन तासांनी डावी, उजवी, पाठ असं लिहिलेलं असतं. मी आधी शाई बघते. रात्रभराच्या नोंदी एकाच पेनानं, एका दमात, १०, १२, २, ४ अशा ठोक्याला लिहिलेल्या असल्या तर त्या सकाळी चहा पीत भरल्यात. एका ठिकाणी तर मी दुपारी गेले आणि रात्रीच्या दोनची नोंद आधीच तयार! खरा तक्ता मळका असतो, त्यात १०.२० असतं, ११.५० असतं, एखादी खाडाखोड असते.

रात्री किती माणसं असतात ते विचारा आणि स्वतः हिशेब मांडा. समजा दहा जण अंथरुणाला खिळलेले आहेत. एकाला वळवायला दोघी लागतात, डायपर बदलून पाठ पुसून दहा मिनिटं धरा. दहा जणांचे झाले शंभर मिनिटं. दोन तासांतले उरले वीस, त्यात कोणाला उलटी, कोणाला संडास, कोणी खाटेवरून उतरायला बघतं. म्हणजे दहा खाटांना दोन मावश्या हे अगदी कडेलोटाचं गणित. त्याच्यावर एक खाट वाढली की कूस चुकणारच, मावशी कितीही मायाळू असो. आणि त्या मावश्यांची ड्युटी बारा तासांची की चोवीस, हे त्यांनाच विचारा, मॅनेजरला नको. सारख्या नव्या मावश्या दिसत असतील तर पगार वेळेवर होत नाही असं समजा.

जेवायच्या वेळेला जा. लकव्यानंतर पुष्कळांना गिळायला त्रास होतो आणि पातळ पाणी घट्ट पदार्थापेक्षा जास्त ठसका लावतं, हे घरच्यांना माहीत नसतं. तुमच्या आईला पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर ज्वारीच्या कण्या, मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी असं चालतं, पण माणूस पूर्ण बसतं करून, हनुवटी छातीकडं, चांगल्या बाजूनं, छोटा चमचा, आणि गिळल्याशिवाय पुढचा घास नाही. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. मावशी उभ्या उभ्या, निजलेल्या माणसाच्या तोंडात चमचे ओतत असेल तर ते अन्न फुफ्फुसात जातं आणि पुढं न्यूमोनिया. नाकातून नळी असली तरी डोकं वर पाहिजेच.

आता आपल्याकडचं. लाईट गेली की हवेची गादी हळूहळू बसते आणि पेशंट लोखंडी खाटेवर येतो. इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब आणि पंखा आहे की गादी, ऑक्सिजनचं मशीन, घशातला कफ ओढायचं सक्शन पण आहे, हे स्विच बंद करून दाखवायला सांगा. संभाजीनगरला नळ किती दिवसांनी येतो ते तुमच्या बहिणीला विचारा. टाकी केवढी, टँकर कोण देतं, चादरी रोज धुतात का, वाळत कुठं घालतात, हे गच्चीवर जाऊन बघायचं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात आम्ही वॉर्डात अर्ध्या बादलीत स्पंज केलेत. पाणी तुटलं की सगळ्यात आधी अंथरुणावरच्याची आंघोळ जाते.

आणखी एक, हे कोणी आपणहून सांगत नाही. सकाळी अकराला सगळे गाढ झोपलेले असतील तर झोपेची गोळी कोणाच्या सांगण्यावरून आणि किती देता ते विचारा. हात बांधलेला दिसला तर कोणत्या डॉक्टरनं लिहून दिलं ते मागा.

फिनेलचा वास वाईट नाही, चांगलाही नाही. दुपारच्या फिनेलखाली लघवीचा वास येतो का, ते नाकानं शोधायचं. ओलीचं एवढं मनावर घेऊ नका. ओट्यावर म्हाताऱ्या बसलेल्या होत्या म्हणता, म्हणजे त्यांना कोणीतरी उठवून बाहेर आणलं, हे मला त्या माशांच्या पेटीपेक्षा आवडलं. शिवाय सिडको हडकोला लागून. तुमची बहीण न सांगता दहा मिनिटांत जाऊ शकते, ही फार मोठी गोष्ट आहे. बायपासच्या ठिकाणी ती ठरवून, वेळ काढून जाईल.

पैठणगेट

सिस्टर, तक्त्याची शाई! आम्ही कधी बघितलीच नाही.

आता कागद. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी दाखवतील. ती ट्रस्टची नोंदणी, उपचाराचा परवाना नाही. ‘आमच्याकडं डॉक्टर आहेत, सलाईन लावतो, ऑक्सिजन लावतो’ असं म्हणत असतील तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचं प्रमाणपत्र मागा. शहरात ते महापालिकेचा आरोग्य विभाग देतो, त्यावर मुदत असते, ती वाचा. प्रमाणपत्र नसेल तर ते निव्वळ सांभाळण्याचं ठिकाण समजून पुढं बोला. त्यात वाईट काही नाही, पण मग रात्री आई गंभीर झाली तर कोणत्या दवाखान्यात नेणार, गाडी कोणाची, भरती करताना सही कोण करणार, हे आधी लिहून घ्या. आईचं आयुष्मानचं कार्ड काढलं नसेल तर काढा. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ते योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यावर. केअर सेंटरचा महिना त्यातून निघत नाही.

त्या १९ आणि २८ हजारांची तुलना तशी करू नका. डायपर तुम्ही आणून दिले तर चालतात का? फिजिओथेरपी धरलीय का? डिपॉझिट परत कधी? आई मध्येच घरी आणली तर महिना कापतात का? आमच्या वेळेला बिलात ‘हातमोजे’ म्हणून दरमहा जी रक्कम यायची तेवढ्यात अख्ख्या गल्लीला मोजे झाले असते. शेवटी आम्ही खोका विकत नेऊन दिला आणि वर नाव घातलं.

काही फारच वाईट दिसलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे, फुकट आहे.

सेलूकर

सगळ्यांचे आभार, गोदाकाठ तुमचेही. बायपासवाल्यांकडं संध्याकाळी न सांगता गेलो तर सातनंतर भेट नाही म्हणून दारातूनच लावलं. सिडकोत रात्री नऊला बहिणीसोबत गेलो. दार उघडलं. सहा जण अंथरुणावरचे, दोन मावश्या. एका आजींची मूठ मावशीनं स्वतःच उघडून दाखवली, आत रुमालाची गुंडाळी होती. पण तक्ता म्हणाल तर नाहीच, ‘आमच्या लक्षात असतं’ म्हणतात. आणि इन्व्हर्टरवर गादी नाही. मालकीणबाई म्हणाल्या, तुम्ही छोटा इन्व्हर्टर आणून दिलात तर बसवते.

सिस्टर, पाणी पिताना आईला ठसका लागतो. आणि ‘आलेकी’चं त्या मावश्यांना कसं समजावू?

उदगीरच्या सिस्टर

लागतो ना, मग नेण्याआधी डॉक्टरांना गिळणं तपासायला सांगा, पाणी किती घट्ट करून द्यायचं ते लिहून घ्या आणि ते खाटेच्या डोक्याशी चिकटवा. तक्ता नाही म्हणता, तर शंभर पानी वही तुम्हीच न्या, रेघा मारून द्या. पहिले दोन आठवडे बहिणीला रोज वेगवेगळ्या वेळेला डोकावू द्या. वहीत मावशी आपल्या हातानं लिहायला लागली तर ठेवा.

‘आलेकी’साठी कागद करा. पाणी मागताना ती डाव्या हातानं काय करते, लघवीच्या वेळेला तोंड कसं होतं, कोणत्या कुशीवर झोप लागते, कोणत्या नावानं हाक मारली की बघते. मान हलवण्यावर भरवसा नको, अशा पेशंटचं हो आणि नाही उलटसुलट होतं. वस्तू समोर धरून विचारायला सांगा. हाताशी घंटी द्या, डाव्या बाजूला.

आणि नेल्या दिवशी वजन करा. काटा जमला नाही तर शिंप्याच्या टेपनं दंडाचा घेर मोजून त्याच वहीत लिहा, दर महिन्याला त्याच जागी. डाव्या दंडाचा घ्या, उजवा लकव्यानं तसाही वाळणार.