मदत हवी आहे: कॅडमियम, सूत्रकृमी आणि गोंधळात टाकणारे आयुर्मान

नमस्कार मंडळी. सी. एलेगन्स सूत्रकृमींवर कॅडमियम या विषारी धातूचा वृद्धत्वाच्या दृष्टीने काय परिणाम होतो, ते मी तपासतेय. २० अंश सेल्सिअसला हे कृमी जेमतेम २ ते ३ आठवडे जगतात, त्यामुळे निकाल लवकर हाती येतो. पण माझा निकालच कोड्यात टाकणारा आहे.

अगदी कमी मात्रा दिलेले कृमी ३५ अंशांच्या उष्णतेत नियंत्रण गटापेक्षा जास्त तग धरतात. आयुष्य मात्र कमीच भरतं! सौम्य ताणामुळे डॅफ-१६ (ताणाशी लढणारी जनुकं चालू करणारं प्रथिन) जागं होऊन मेटॅलोथायोनिन (धातूला बांधून ठेवणारं प्रथिन) वाढलं असेल का? की कॅडमियममुळे प्लेटवरचे ई. कोलाय जिवाणूच, म्हणजे कृमींचं खाद्यच, कमी वाढताहेत आणि कृमी अर्धपोटी राहताहेत? उपासमारीनेही ताण सोसण्याची ताकद वाढते, म्हणून ही शंका मला फार छळतेय.

शिवाय नेहमीच्या एनजीएम आगारमध्ये (कृमी ज्यावर वाढवतात त्या प्लेटमधल्या माध्यमात) फॉस्फेट असतं, ते धातूला बांधून ठेवतं. म्हणजे कृमींच्या पोटात नेमकं किती जातं?

कृमींना के-मीडियममध्ये (फॉस्फेट नसलेल्या क्षारांच्या द्रावणात) थोडा वेळ ठेवून मग स्वच्छ प्लेटवर हलवावं, की मारलेले जिवाणू खायला द्यावेत? आणि पोटातच अंड्यांतून पिल्लं बाहेर येऊन मेलेले कृमी तुम्ही मोजणीत कसे धरता? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.