मदत हवी आहे: साल्मोनेला टाकूनही कॅको-२ पेशींत आयएल-८ वाढत नाही

पेशीपाल:
साल्मोनेला टायफीम्युरियम हा जिवाणू (एसएल१३४४ हा वाण) आतड्यात दाह कसा सुरू करतो यावर एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. कॅको-२ पेशी (माणसाच्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवतात त्या) ट्रान्सवेलवर, म्हणजे वरचा आणि खालचा कप्पा वेगळा करणाऱ्या सच्छिद्र पडद्यावर, २१ दिवस वाढवल्या. रात्रभर हलवत वाढवलेलं कल्चर, एका पेशीमागे ५० जिवाणू, वरच्या कप्प्यात १ तास. मग पेशींबाहेरचे जिवाणू मारायला जेंटामायसिन हे प्रतिजैविक १०० मायक्रोग्रॅम/मिली १ तास, पुढे १० मायक्रोग्रॅम/मिली. सहा तासांनी वरचं माध्यम एलायझाला (प्रथिन मोजायच्या चाचणीला) घेतलं, तर आयएल-८ (न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना बोलावणारं प्रथिन) कंट्रोलइतकंच, म्हणजे जिवाणू न टाकलेल्या पेशींइतकंच. उकळून मारलेले जिवाणू आणि शुद्ध एलपीएस (जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातला घटक) यांनीही काही नाही. कुठे चुकतंय?

कशाभिका:
नमुना चुकीच्या बाजूचा घेतलाय. ध्रुवीकृत थरात (वरची आणि खालची बाजू वेगळी झालेल्या पेशींच्या थरात) आयएल-८ मुख्यतः खालच्या बाजूला स्रवतं, कारण न्यूट्रोफिल रक्ताकडूनच यायचे असतात. खालच्या कप्प्यातलं माध्यम फ्रीझरमध्ये असेल तर आधी तेच तपासा.

दुसरं, तुमचे जिवाणू निःशस्त्र आहेत. पेशीत घुसायची सुई, म्हणजे एसपीआय-१ ची टाइप ३ स्राव यंत्रणा, रात्रभराच्या जुन्या कल्चरमध्ये बंद पडत आलेली असते. एलबीमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) मीठ लिटरला १७.५ ग्रॅम (०.३ मोलर) करा, रात्रीचं कल्चर त्यात १:३३ पातळ करा, ३७ अंशांवर ३ ते साडेतीन तास वाढवा आणि लगेच वापरा. सुईतून गेलेली सॉपई, सॉपई२, सॉपबी ही प्रथिनं पेशीचा अ‍ॅक्टिन सांगाडा हलवतात. पृष्ठभागावर झालरी उठतात, जिवाणू आत ओढला जातो आणि त्याच धक्क्यात एनएफ-कप्पाबी हा दाहाची जनुकं चालू करणारा घटकही जागा होतो. जोरात व्होर्टेक्स करू नका (यंत्रावर घुसळू नका), जिवाणूच्या कशाभिका (पोहायच्या शेपट्या) तुटतात. आदल्या दिवसापासून माध्यमात पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन) नको: एसएल१३४४ स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही, पण पेनिसिलिनने मार खातो.

मृत जिवाणूंचं कोडं सोपं आहे. कशाभिकेतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखणारा टीएलआर-५ हा ग्राही या थरात खालच्या बाजूला असतो. जिवंत साल्मोनेला फ्लॅजेलिन पलीकडे पोचवतो, मेलेला नाही. एलपीएसचं म्हणाल, तर कॅको-२ मध्ये ते ओळखणारे टीएलआर-४ आणि एमडी-२ फारच कमी. तो निकाल बरोबरच आहे.

कंट्रोल दोन हवेत: इन्व्ह-ए (त्या सुईच्या यंत्रणेचं जनुक) नसलेला म्युटंट, आणि खालच्या कप्प्यात टीएनएफ-आल्फा (दाह चेतवणारं प्रथिन) १० नॅनोग्रॅम/मिली.

पेशीपाल:
खालचं माध्यम आहे, उणे ८० ला. एक शंका: दाहाने जिवाणू मरायला हवेत, मग साल्मोनेला दाह ओढवून का घेतो?

आंबवण:
कारण दाह त्याच्या फायद्याचा आहे! मोठ्या आतड्यातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आतड्याचं अस्तर त्याचं थायोसल्फेट करतं. न्यूट्रोफिलांच्या ऑक्सिजन-रसायनांनी त्याचं टेट्राथायोनेट होतं, आणि साल्मोनेला ऑक्सिजनऐवजी त्यावर श्वसन करतो. नुसत्या किण्वनावर जगणारे रहिवासी जिवाणू मग मागे पडतात. २०१० मध्ये उंदरांत हे दाखवलं गेलं. प्रयोगशाळेत साल्मोनेला वेगळा काढायला टेट्राथायोनेट ब्रॉथ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. तुमच्या ट्रान्सवेलमध्ये न्यूट्रोफिलही नाहीत आणि रहिवासी जिवाणूही नाहीत, त्यामुळे हा भाग तिथे दिसणार नाही. प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.