मदत हवी आहे : कुत्री टेकडीवर अर्ध्या वाटेत बसते, हार्नेस कुठला घेऊ?

पळताभुई
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. आमची चकली रोज सकाळी माझ्याबरोबर टेकडीवर पळायला येते. गेले आठ दिवस खाणीच्या अलीकडे आली की फतकल मारून बसते. चुचकारलं, ओरडलो, ढिम्म हलत नाही. काल १८ किलोचं धूड खांद्यावर टाकून खाली आणलं, लोक फोटो काढत होते. महिन्यावर माझी २१ किलोमीटरची शर्यत आलीय आणि सरावाचा पार बोऱ्या वाजलाय. गळ्यातल्या पट्ट्याने ओढलं की तिला ठसका लागतो, म्हणून छातीभोवती बांधायचा हार्नेस घ्यायचाय. कुठला घेऊ? आज रात्रीच मागवायचाय.

अनवाणी
कुठली टेकडी? जात कुठली? वय? किती वाजता जाता?

शेंगदाणा
जात काय विचारताय, लॅब्रॅडॉरच असणार. पोळ्या बंद करा आधी. आमच्या मेव्हण्यांचा लॅब ४२ किलोचा झाला होता, जिना चढताना मेव्हणे पुढे आणि तो मागे, दोघंही धापा टाकायचे.

पळताभुई
१८ किलो असं वर लिहिलंय हो. गावठी आहे, शेपटी वळलेली म्हणून चकली. वय साडेतीन. पुण्यातली वेताळ टेकडी, कांचन गल्लीतून वर. दोन वर्षं येतेय, मी थकतो, ती नाही. हार्नेसचं कुणी सांगेल का?

कोथरूडची_काकू
वेताळ टेकडीवर मोर आहेत. तुमच्यासारखे लोक कुत्री मोकळी सोडतात आणि मग मोर दिसत नाहीत म्हणून आम्हीच हळहळायचं. मोकळी सोडता का, ते आधी सांगा.

पळताभुई
काकू, लीशवर असते. मोर ओरडला की ती फक्त कान टवकारते आणि माझ्याकडे बघते, 'ऐकलंस ना?' अशा थाटात.

जतचा_पाव्हणा
दादा, पळायला जोडीदार पायजे तर कारवानी पाळा, म्हणजे मुधोळ हाउंड. गावठी ती गावठी. मुधोळ हाउंडचं तर २००५ साली टपाल तिकीट निघालंय, तिकीट!

अनवाणी
त्या वेळी चार जातींची निघाली होती. रामपूर, राजपालयम आणि हिमालयन शीपडॉगचीही. चकलीच्या पायाला तिकीट चिकटवायचंय का?

जतचा_पाव्हणा
पायाचं कोण बोललं? ती बसते म्हणालेत ते.

डांबरट
ऊन लागत असणार. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांच्या गाद्यांपुरता, बाकी उष्णता उन्हात मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकून घालवायची. हाताची मागची बाजू ७ सेकंद रस्त्यावर टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर तिलाही सोसत नाही.

पळताभुई
पहाटे ६ ला जातो. नोव्हेंबर आहे. मीच जॅकेट घालून पळतो.

आजीचा_बटवा
सांधे धरले असतील. हळद-तेल चोळा आणि आपली दुखण्याची गोळी असते ना, तिची अर्धी पोळीत घालून द्या.

अनवाणी
कृपा करून देऊ नका!! माणसांच्या गोळ्या कुत्र्यांना चालत नाहीत. आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही मनाने द्यायची नाही.

आजीचा_बटवा
आमच्या मोत्याला दिली होती, १४ वर्षं जगला.

अनवाणी
आमचे आजोबाही तंबाखू खाऊन ९० वर्षं जगले.

माळरान
भांडण थांबलं की एवढंच सांगा : अलीकडे वाट बदललीत का? आणि घरी आल्यावर ती पाय चाटते का?

पळताभुई
मोठ्या वाटेवर फार गर्दी होते, म्हणून दिवाळीनंतर गवतातल्या पायवाटेने जातोय. पाय चाटते, हो. पुढचा डावा. पण कुत्री चाटतातच ना पाय? म्हणून लिहिलं नाही.

माळरान
तेच लिहायला हवं होतं. हार्नेस राहू द्या, टॉर्च घ्या. पाऊस संपला की टेकडीवरचं कुसळीचं गवत वाळतं. तिचं बी म्हणजे सुईच. टोकाला उलटे बारीक केस असतात, त्यामुळे आत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. शेपटासारखा जो लांब तुरा असतो तो ओल लागली की पीळ सोडतो, सुकला की पुन्हा पिळतो, आणि स्क्रूसारखं बी आत ढकलत राहतो. जमिनीत रुजायची त्याची ती युक्ती आहे, बोटांमधल्या कातडीलाही ते जमीनच समजतं. डाव्या पंजाची बोटं एकेक फाकवून बघा. सूज, छोटं भोक, चिकट पाणी काही दिसतंय का?

कोथरूडची_काकू
लोकांच्या डोळ्यातलं कुसळ बघणारे आपल्या कुत्रीच्या पायातलं बघत नाहीत ते असं.

पळताभुई
बघितलं. मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात हरभऱ्याएवढा गोळा आहे, लालबुंद. दाबला तर पाय ओढून घेतला तिने, मग माझाच हात चाटला. आठ दिवस मी हिला आळशी म्हणत होतो. चिमट्याने काढू का?

माळरान
टोक दिसत असेल तरच. सूज आली म्हणजे आत गेलंय, उकरू नका, अर्धं तुटून राहतं. सकाळी डॉक्टर. कान आणि काखाही बघून घ्या. डोकं सारखं झटकत असेल तर कानात गेलेलं असू शकतं.

पळताभुई (दुसऱ्या दिवशी)
काढलं. भूल देऊन चीर घ्यावी लागली. दीड सेंटिमीटरचं कुसळ निघालं, डबीत घालून दिलंय. दहा दिवस टेकडी बंद, गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं, दारांवर आदळत फिरतेय. आज एकटाच गेलो होतो. ती असली की दर वळणावर पुढे जाऊन थांबते आणि मी दिसलो की पुन्हा सुटते. आज वळणं नुसतीच येत गेली. दोन किलोमीटरवरून परतलो आणि घड्याळ बंद केलं. माळरान, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

माळरान
जानेवारीपर्यंत मोठ्या वाटेनेच जा. घरी आलात की आधी तिचे पंजे, मग तुमचा चहा. गोचिडाही त्याच वेळी सापडतात.

शेंगदाणा
पण पोळ्या बंद केल्या का?

सदाशिव_पेठ
सगळं वाचलं नाही, पण हार्नेस घेताना वजनावर जाऊ नका, छातीचा घेर मोजा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आणि पुढे छातीवर कडी असलेला घ्या, ओढणाऱ्या कुत्र्याला तोच बरा.

पळताभुई
ओढत मी होतो हो, ती नाही.