मालवाहू बार्जचे घर करताना तळात काँक्रीट ओतावे का?

प्रश्नकर्ता : काठाकाठाने

नमस्कार. नदीवर मालवाहतूक करणारी एक जुनी बार्ज आम्ही राहण्यासाठी घेतली आहे. तिची लांबी २५ मीटर आणि रुंदी ५ मीटर असून बांधणी रिव्हेटची आहे, म्हणजे पत्रे वेल्डिंगऐवजी ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेले आहेत. मालाचा खण आता पूर्ण रिकामा आहे आणि त्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर बसवायचे आहे. अडचण अशी की रिकामी बार्ज पाण्यावर फार उंच तरंगते. सुकाणूघर पुलांखालून जात नाही आणि वाऱ्याच्या दिवशी ती धक्क्याला लावणे म्हणजे शिक्षाच असते. सुमारे ३० टन वजन तळात घालावे लागेल, असा हिशेब निघाला आहे. ज्या कारखान्यात काम करून घ्यायचे आहे तेथील मंडळी खणात २० सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट ओतायला सांगतात, कारण ते स्वस्त पडते आणि त्यावर थेट फरशी टाकता येते. एका अनुभवी परिचितांनी मात्र याला ठाम नकार दिला, पण कारण नीट सांगितले नाही. पत्र्याची जाडी तपासली तेव्हा तळाला बहुतेक ठिकाणी ५ मिलिमीटर आणि पाण्याच्या रेषेवर काही जागी ३.८ मिलिमीटर भरली. जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे.

उत्तर १ : जुना गोदीवाला

आपल्या परिचितांचे म्हणणे बरोबर आहे, पण ‘काँक्रीटमुळे लोखंड गंजते’ असे जे सरसकट सांगितले जाते ते कारण नव्हे. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्याला घट्ट चिकटलेले पोलाद उलट सुरक्षित राहते. इमारतींतील सळ्या त्यावरच तर टिकतात. बार्जचा पत्रा मात्र इमारतीसारखा स्थिर नसतो. तो उन्हाने प्रसरण पावतो, धक्क्याला आपटतो, गाळावर टेकला की किंचित वाकतो. अशा हालचालींनी काँक्रीटच्या कडा पत्र्यापासून सुटतात आणि त्या केसाएवढ्या फटीत पाणी शिरते. ते तिथून वाळत नाही, दिसत नाही आणि पुसताही येत नाही.

दुसरे कारण दुरुस्तीचे आहे. सुक्या गोदीत बाहेरून ध्वनिलहरींनी जाडी मोजता येते, हे खरे. पण ती मोजणी ठरावीक बिंदूंवर होते आणि आतून पडलेला नाण्याएवढा खड्डा दोन बिंदूंच्या मध्ये सहज निसटतो. उघड्या तळात तोच खड्डा हाताला लागतो. उद्या तिथे बाहेरून पत्रा जोडायची वेळ आली, तर पाठीमागच्या ओलसर काँक्रीटमुळे वेल्डिंग नीट बसत नाही. मग ते फोडावे लागते, आणि ४-५ मिलिमीटर पत्र्यावर ठेवलेले काँक्रीट यंत्राने फोडण्याचे काम मी पाहिले आहे. पुन्हा पाहण्याची इच्छा नाही.

सुटे वजन घाला. फरसबंदीचे काँक्रीटचे ठोकळे किंवा लोखंडाचे जुने तुकडे लाकडी पट्ट्यांवर रचावेत, म्हणजे त्यांच्याखालून हवा आणि पाणी दोन्ही वाहतील, आणि ते सरकू नयेत म्हणून आडव्या चौकटींमध्ये घट्ट बसवावेत. फरशीचे फळे उचलता येतील असेच ठेवावेत. हे वजन आधी न घालता सर्वांत शेवटी घालावे, कारण भिंती, चूल, टाक्या आणि सामान मिळून किती टन होतात हे कागदावर कोणालाच नेमके कळत नाही. आपल्या मापाच्या बार्जला एक सेंटिमीटर खाली बसायला साधारण १.१ टन लागेल. म्हणजे ३० टनांनी ती सुमारे २७ सेंटिमीटर खाली जाईल.

उत्तर २ : अकरा वर्षे पाण्यावर

वरील मताशी मी बराचसा सहमत आहे, पण पूर्ण नाही. आमच्या बार्जमध्ये आधीच्या मालकाने काँक्रीट ओतलेले होते आणि आम्ही त्यावर अकरा वर्षे राहिलो. पायाखाली दगडी घरासारखा भरीवपणा असतो आणि शेजारून मोठी नाव गेली तरी पेला हलत नाही. त्याने खणाच्या चारही कडांना हातभर रुंद पन्हळ मोकळी सोडली होती, म्हणून हे जमले. तरीही न्हाणीघराचा एक पाइप गळत होता हे आम्हाला कुबट वास सुटल्यावरच समजले, आणि तोवर किती दिवस गेले होते याचा अंदाज आजही नाही. नव्याने करणाऱ्याला मी काँक्रीट सुचवणार नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी घाबरून फोडायला जाऊ नये, एवढेच.

उत्तर ३ : ओलावा

तळातले पाणी बाहेरूनच येते, असे समजू नये. स्वयंपाक, आंघोळ आणि श्वास यांतून रोज काही लिटर बाष्प हवेत जाते, ते थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि ओघळून फरशीखाली साचते. म्हणून बाजूंच्या पत्र्यावर फोमचा थर पाण्याच्या रेषेपर्यंत फवारून घ्यावा, आणि तोही वेल्डिंगची सर्व कामे संपल्यानंतरच, कारण फोमच्या पाठीमागे वेल्डिंग करणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

फरशीखालच्या पोकळीबद्दल आणखी एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर खिडकीतून निघून न जाता खाली उतरतो आणि आपल्या ठोकळ्यांच्या फटींत साचतो. सिलिंडर बाहेर, तळाशी थेट नदीकडे उघडणारे छिद्र असलेल्या बंद कप्प्यात ठेवावेत आणि गॅसचा इशारा देणारे यंत्र फरशीखाली बसवावे. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र वेगळे असते. ते झोपण्याच्या जागी हवे.

काठाकाठाने

सर्वांचे मनापासून आभार. काँक्रीटचा विचार सोडला. आता प्रश्न ३.८ मिलिमीटरचा. पाण्याच्या रेषेवर तेवढाच पट्टा नवा पत्रा लावून मजबूत करावा का?

उत्तर ४ : जुना गोदीवाला

पट्टा लावण्यापूर्वी पाण्याची रेषा कुठे जाणार आहे ते पाहा. आज जो पातळ भाग हवा आणि पाणी यांच्या सीमेवर आहे तो उद्या २७ सेंटिमीटर पाण्याखाली असेल आणि सीमा वर सरकेल. तेव्हा दुरुस्तीचा पट्टा जुन्या रेषेच्या खालपासून नव्या रेषेच्या बराच वरपर्यंत हवा. त्याच वेळी बाजूंना असलेली सर्व भोके तपासा. बेसिनचा निचरा, पंपाचे तोंड, हवेची झडप यांपैकी जे आज पाण्यापासून वीतभर वर आहे ते भरलेल्या बार्जमध्ये पाण्याला टेकेल. घरात कोणी नसताना बुडालेल्या बार्जच्या गोष्टींत बऱ्याचदा असेच एखादे भोक निघते.

विमा कंपन्या बहुधा ४ मिलिमीटरपेक्षा कमी जाडी मान्य करत नाहीत, त्यामुळे हे काम टाळता येणार नाही. पैसा जमत असेल तर तळालाही ६ मिलिमीटरचा पत्रा लावून घ्या. त्याचे वजन चौरस मीटरला ४७ किलो भरते, म्हणजे आपल्या तळाला जवळपास पाच टन. ३० टनांतील पाच टन असे सर्वांत खालच्या जागी, कायमचे आणि काही न झाकता मिळतात. मात्र बांधणी रिव्हेटची आहे हे वेल्डरला आधीच सांगा. रिव्हेटच्या ओळीला खेटून वेल्डिंग केल्यास उष्णतेने रिव्हेट ढिले होतात. नवा पत्रा सांध्यांना पूर्ण झाकून पलीकडे जाईल असाच बेतावा लागतो.

शिवाय पत्रा पातळ का झाला, हेही शोधा. काठावरून वीज घेत असाल तर शेजारच्या नावांशी भूवायरीतून जोड तयार होतो आणि आपले पोलाद हळूहळू झिजते. मध्ये विलगीकरण ट्रान्सफॉर्मर बसवला की तो जोड तुटतो. पोलादाऐवजी स्वतः झिजावेत म्हणून पत्र्याला बाहेरून जे धातूचे ठोकळे लावतात, ते गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे असावेत. जस्ताचे ठोकळे समुद्रासाठी ठीक, नदीत ते जवळजवळ निष्क्रिय राहतात.

काठाकाठाने

भोकांचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नव्हता. आज मोजले तेव्हा पंपाचे तोंड पाण्यापासून ३१ सेंटिमीटर वर निघाले. आता १००० लिटरची पाण्याची टाकी नाळेकडे, म्हणजे बार्जच्या पुढच्या टोकाला, ठेवायचे ठरत होते, ती मध्यावर घ्यावी का?

उत्तर ५ : अकरा वर्षे पाण्यावर

मध्यावरच घ्या. आमची नाळेत होती, आणि टाकी रिकामी झाली की न्हाणीघरातले पाणी निचऱ्याच्या उलट्या बाजूला जमत असे. पंपाचे तोंड मात्र त्याआधी वर घ्या.