किलिंदिनी: पूर्वेकडील आरमाराचे माघारीचे बंदर
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचे पूर्वेकडील आरमार (ईस्टर्न फ्लीट) युद्धभर कोलंबोतच होते, असे म्हटले जाते; ते अपुरे आहे. ५ एप्रिल १९४२ रोजी कोलंबोवर आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर जपानी विमानांनी हल्ले केले; त्याच सुमारास या आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल सॉमरव्हिल यांनी जुन्या, संथ युद्धनौका केनियातील मोंबासाच्या किलिंदिनी बंदरात हलवल्या आणि पुढे तेच आरमाराचे मुख्य ठाणे झाले. मला अधिक मोलाची वाटते ती तिथली सांकेतिक संदेश उलगडणारी तुकडी. अल्लीदिना विश्राम या कच्छी व्यापाऱ्याच्या नावाच्या, समुद्राकाठच्या शाळेत ती बसे. जपानी रेडिओ संदेश इतक्या दुरून नीट ऐकूही येत नसत. तरीही जपानी मालवाहू जहाजांची 'जेएन-४०' ही संकेतप्रणाली तिने तिथेच फोडली. १९४३ मध्ये ती कोलंबोला परतली.