कविता वाचून तुम्ही पुढे काय केलंत?

परवा झाड छाटायला माणसं आली. एरवी करवतीचा आवाज नको म्हणून मी खिडकी लावून घेते. त्या दिवशी मात्र तुकोबांचा 'सोयरीं' हा एकच शब्द आडवा आला. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' म्हणायचं आणि सोयऱ्यावर करवत चालताना खिडकी लावायची? तशीच खाली उतरले. भांडून निम्म्या फांद्या वाचवल्या, घरट्याची फांदी मात्र गेलीच.

तुमचे अनुभव लिहा. नुसतं 'मन प्रसन्न झालं' नको, पुढचं सांगा.

* * *

मुलांच्या निसर्गकवितांची परीक्षक होते. गठ्ठाभर कागद आणि जिकडेतिकडे 'झाडे लावा'. खरं सांगते, डुलकी लागत होती. एका मुलाने चारच ओळी लिहिल्या होत्या : तळ्यातला बेडूक मागच्या पावसात ओरडायचा, यंदा गप्प आहे. बक्षीस बाजूला राहिलं, आधी तळं बघायला गेले. अर्ध्या काठावर राडारोडा टाकलेला. तीन अर्ज केल्यावर तो टाकणं थांबलं, पडलेला उचलायला अजून कोणी आलेलं नाही.

* * *

रेचल कार्सन यांच्या १९६२च्या 'सायलेंट स्प्रिंग'च्या सुरुवातीला इंग्रज कवी कीट्सच्या ओळी आहेत : तळ्याकाठचं गवत सुकलंय, एकही पक्षी गात नाही. कीटकनाशकांवरचं पुस्तक आणि दारातच कविता! ते वाचून मी कुंड्यांवरची फवारणी बंद केली. पहिल्या महिन्यात मावा किडीने गुलाबाचे शेंडे काळे केले आणि घरच्यांनी मला वेड्यात काढलं. मग एका पानामागे ढालकिड्याची पिवळी अंडी दिसली, उभी, एकमेकींना खेटून. आठवडाभरात अळ्या माव्यावर तुटून पडल्या. दोन गुलाब मेले, ते मेलेच.

* * *

थोडा विरोधी सूर. आम्ही पाणथळ जागेसाठी कवितावाचन ठेवलं. हॉल भरला, टाळ्या पडल्या, एकीने डोळे पुसले. हरकतीच्या अर्जावर सह्या किती? सात! केरळच्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात बुडू नये म्हणून सुगतकुमारींसारखे कवी उभे राहिले, पण सोबत शास्त्रज्ञ होते, गावोगाव फिरणारे कार्यकर्ते होते. म्हणून धरण टळलं आणि १९८४मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. पुढच्या खेपेला आम्ही अर्ज दारातच ठेवला. आधी सही, मग कविता. काहींना ते उद्धट वाटलं. वाटू दे.

* * *

मी काहीच केलं नाही, पण झाडांची नावं शिकलो. आता येता-जाता 'ते झाड' म्हणवत नाही. हे धाग्यात बसतं का?

* * *

बसतं हो. परीक्षकबाई, बेडूक आला का परत?

* * *

नाही अजून. तो मुलगा रोज संध्याकाळी काठावर जाऊन कान देतो आणि मला एका शब्दात कळवतो : 'नाही.'