साल्टाच्या म्युझियममधली इंकांची गोठलेली मुलं, नऊ वर्षांच्या पोरीला न्यावं का?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत अर्जेंटिनाला जायचं चाललंय, मेव्हणा तिकडं साल्टाला लिथियमच्या कामावर आहे. तो म्हणतो गावाच्या मेन चौकातच एक म्युझियम आहे आणि तिथं इंका लोकांनी डोंगरावर बळी दिलेली मुलं जशीच्या तशी ठेवलीत. मला तर बघायचंच आहे, पण बायको म्हणते पोरगी रात्री झोपायची नाही आणि आई म्हणते मेलेल्या लेकरांना तिकीट काढून काय बघायचं. कोण जाऊन आलंय का इथलं? बडोद्याला बघितलेली पट्ट्या गुंडाळलेली ममी तसलंच असतं का हे? आणि आईला बीपी आहे, उंचीचं काय?

कृष्णाकाठचा_भटक्या
दादा उंचीचं टेन्शन घेऊ नका, साल्टा शहर महाबळेश्वरपेक्षा पण खाली आहे. मुलं सापडली ती यूयायाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७३९ मीटर, चिलीच्या बॉर्डरवर. १९९९ ला योहान राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती या संशोधकांच्या टीमनं काढली. एक पंधराच्या आसपासची मुलगी, एक सातेक वर्षांचा मुलगा आणि एक सहाच्या आसपासची पोर. पाचशे वर्षं झाली असतील.

तिन्ही एकदम दाखवत नाहीत, आळीपाळीनं एकच बाहेर असतं, काचेच्या पेटीत, आत उणे २० डिग्री आणि ऑक्सिजन कमी. मी गेलो तेव्हा मोठी मुलगी होती. मांडी घालून बसलेली, मान खाली, केसांच्या बारीक बारीक वेण्या, आणि हातावरची लव सुद्धा दिसते हो, तिथंच मी गपगार झालो. फोटोला परवानगी नाही, ते बरंच आहे म्हणा.

तासगावकर
इजिप्तवाले आतडी-बितडी काढून, मीठ लावून वाळवायचे, म्हणजे आपला बेदाणा. इथं कुणी काही लावलंच नाही, थंडीनं आणि कोरड्या हवेनं आपोआप राहिलंय, आतले अवयव पण शाबूत आहेत. पेरूत अरेकिपाला जी हुआनिता नावाची इंका पोरीची ममी आहे (१९९५, आम्पातो डोंगर, तिथं पण राइनहार्डच) तिच्या शेजारचा ज्वालामुखी पेटला, गरम राखेनं बर्फ वितळला आणि ती खाली घसरली, ऊन लागून चेहरा वाळून गेला. त्या मानानं साल्टाची मुलं लई चांगली राहिलीत.

मिरजेची_मावशी
सगळं खरं, पण आईंचं काय चुकलं सांगा की. तिथल्या मूळ लोकांचा पण विरोध आहेच, त्यांच्या दृष्टीनं ती पूर्वजांची लेकरं आहेत, डोंगरावरून खाली आणायलाच नको होती. मी शाळेत इतिहास शिकवते, मला हे सगळं वाचायला आवडतं पण मी पेटीपुढं उभी राहणार नाही. बाकीचं म्युझियम बघेन. सोन्या-चांदीच्या वीतभर पण नसतील अशा बाहुल्या आहेत, त्यांना विणलेले कपडे, वर पिसांचा तुरा, आणि काही बाहुल्या तर लाल शिंपल्याच्या. तो शिंपला येतो इक्वेडोरकडच्या गरम समुद्रातून, म्हणजे किती लांबून माणसांनी पाठीवर आणि लामांवर घालून माल आणला असेल. यावर पोरीशी बोला, तिला तेच जास्त आवडेल.

विश्रामबागकर
मावशी पटतंय. पण एक विचारतो, मुलांना आधी काही पाजलं होतं असं मेव्हणा म्हणतो, ते कसं काय कळलं? का उगं सांगायचं म्हणून सांगतात?

कृष्णाकाठचा_भटक्या
केसांवरून. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, मग मुळापासून टोकापर्यंत तुकडे करून तपासलं की कुठल्या महिन्यात काय पोटात गेलं ते कळतं. २०१३ ला ते संशोधन आलं. मोठ्या मुलीच्या केसात शेवटच्या वर्षभरात कोकाचं (तिकडं चघळतात ती गुंगीची पानं) प्रमाण एकदम वाढलेलं आणि शेवटच्या काही आठवड्यात दारूचं पण, म्हणजे मक्याची चिचा. त्याच्या आधीच्या केसांवरून असं दिसतं की पोरगी बटाटे वगैरे खाणाऱ्या साध्या घरातली असावी, आणि मरायच्या वर्षभर आधी अचानक मांस आणि मका सुरू झाला. निवडल्यावर तिचा थाट सुरू झाला असणार. तोंडात कोकाची पानं तशीच आहेत. हे वाचून मला तिला बघण्यापेक्षा जास्त त्रास झाला, कारण एक वर्ष म्हणजे तिला सगळं माहीत असणार की.

मिरजेची_मावशी
आणि कुणी म्हणेल मान होता तो. घरच्यांना विचारलं होतं का कुणी, ते केसात सापडत नाही.

तासगावकर
मावशी 🙏 पण बघितलं नसतं तर आपण आज हे बोललो पण नसतो.

कृष्णाकाठचा_भटक्या
असो. दादा, सोमवार सोडून जावा, आणि तिकीट काढतानाच विचारा सध्या कोण बाहेर आहे. मोठी मुलगी किंवा मुलगा असेल तर पोरीला आधी सगळं सांगून न्या, माझ्या मते नऊ वर्षांचं पोर समजून घेतं. छोटी असेल तर मात्र पोरीला बाहुल्यांपाशीच थांबवा, त्या छोटीवर मेल्यानंतर कधीतरी वीज पडलीय आणि चेहरा नि खांदा जळालाय.